ओनेचं सँ-पिएर चर्च: दर्शनी भिंतीचे धिरे कधीचे आणि कशासाठी?

खडीसाखर

फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत-मारितीम जिल्ह्यात औलने नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या जरा बाहेर, जुन्या कबरस्तानाच्या मधोमध तिथलं सँ-पिएर चर्च उभं आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रामार्गावरचं म्हणून १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा काळ 'साधारण ११२० ते ११४०' एवढाच देतात.

माझी अडचण पश्चिमेच्या दर्शनी भिंतीची आहे. तीन कमानी, मधलीत दार, बाजूच्या दोन बंद, सगळं १२व्या शतकाचं नाजूक कोरीवकाम. आणि मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना ते थोराड धिरे, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकू! ते १५व्या शतकाचे म्हणतात. बॅरल व्हॉल्टचं, म्हणजे आडव्या पिंपासारख्या सलग छताचं, वजन दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलतं हे समजतं. पण दर्शनी भिंत त्या पिंपाच्या तोंडाशी आहे. तिच्यावर छताचा रेटा येतच नाही. मग तिला टेकू कशाला? आणि धिरे नंतरचे आहेत हे नुसतं बघून कसं ओळखायचं?

आगाऊ_कार्टं

मी पयला. 'औलने' नाही हो, 'ओने'. फ्रेंच लोक अर्धी अक्षरं फक्त शोभेला ठेवतात.

खडीसाखर

बरं, ओने. शीर्षक दुरुस्त केलं.

परांची

प्रश्न चांगला आहे, पण आधी इमारतीची मांडणी डोळ्यासमोर हवी. मधलं दालन पाच खणांचं. दोन्ही बाजूंना पडव्या, आणि त्यांची उंची जवळजवळ मधल्या दालनाइतकी. पूर्वेला आडवे दोन हात, मध्ये चौक, चौकावर घुमट आणि त्यावर घंटेचा मनोरा. त्यापुढे गाभारा आणि अर्धगोल भिंत. आडव्या हातांनाही एकेक छोटी अर्धगोल भिंत आहे. बांधकाम पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकलं, म्हणजे दर्शनी भिंत शेवटची. मनोऱ्याचा वरचा भाग आणखी नंतरचा.

पूर्वेकडून सुरुवात करण्याचं कारण साधं. वेदी तयार झाली की पूजाअर्चा सुरू होते, दानधर्म येऊ लागतो, त्यावर पुढचं काम चालतं. म्हणून 'अभिषेक झाला' अशी कागदावरची तारीख म्हणजे 'काम संपलं' असं धरायचं नसतं. जवळच्या सेंत शहरात सँत-उत्रोप चर्चचा अभिषेक पोप दुसरे अर्बन यांनी १०९६ मध्ये केला, पण तेव्हा सगळं चर्च उभं होतं असा त्याचा अर्थ होत नाही.

मम

गाभारा म्हटल्यावर बरं वाटलं. पुढे वाचतोय.

बोरीबंदर

छायाचित्रांत आतली कमान टोकदार दिसते. टोकदार कमान म्हणजे गॉथिक ना? मग ११३० कसं?

परांची

हा गैरसमज फार जुना. टोकदार कमान रोमनेस्कमध्येही, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतही, भरपूर आहे. फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या १०८८ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या चर्चमध्ये होती, आणि कैरोच्या इब्न तुलून मशिदीत तर ८७९ पासून आहे. गॉथिक ठरतं ते टोकदार कमान, फासळ्यांचं छत आणि उडते धिरे (भिंतीपासून दूर उभे राहून कमानीने तिला पेलणारे टेकू) यांच्या एकत्र वापरावरून. ओनेत छत टोकदार आहे, पण पिंपासारखं सलग.

टोक देण्यामागे हिशेब आहे. कमानीचा आडवा रेटा ढोबळमानाने गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) आणि उंची यांवर ठरतो. गाळा तोच ठेवून उंची वाढवली की रेटा कमी. ६ मीटरच्या गाळ्यावर अर्धवर्तुळ ३ मीटर चढतं. तीच कमान टोकदार करून ३.९ मीटर चढवली तर रेटा सुमारे २३ टक्क्यांनी उतरतो. (आकडे समजण्यापुरते आहेत, ओनेची मोजमापं नव्हेत.) दगड थोडा जास्त लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा पाचव्या हिश्श्याच्या आसपास धरा. चुन्यातल्या बांधकामात तेवढ्यानेही भिंत वाचते.

चुनखडी

परांची, एक पुरवणी. प्वातू आणि सेंतोंज या ओनेच्या आसपासच्या भागांतली खरी हुशारी पडव्यांच्या उंचीत आहे. मधल्या छताचा रेटा पडवीचं छत झेलतं आणि पुढे बाहेरच्या भिंतीला देतं. त्याची किंमत म्हणजे अंधार. पडव्या एवढ्या उंच गेल्या की मधल्या दालनाला स्वतःच्या खिडक्या ठेवायला जागाच उरत नाही. सगळा उजेड पडव्यांच्या खिडक्यांतून आणि पूर्व-पश्चिमेकडून येतो. ज्यांनी मधली भिंत वर काढून खिडक्या ठेवल्या त्यांना पुढे जड किंमत मोजावी लागली. बर्गंडीतल्या वेझलेच्या मठाच्या चर्चला उडते धिरे लावावे लागले ते यासाठीच.

टवाळखोर

थोडक्यात, उजेड हवा असेल तर टेकू घ्या, टेकू नको असेल तर मेणबत्ती घ्या.

दर्जा_भराई

सेंटरिंगबद्दल, म्हणजे कमानीखालच्या तात्पुरत्या लाकडी साच्याबद्दल, कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रेट्याची अर्धी भानगड तिथेच सुरू होते.

असं छत एका दमात होत नाही. आधी प्रत्येक खणाच्या सीमेवर आडवी कमान बांधायची. तिच्यासाठी लाकडी साचा, आणि साच्याखाली पाचरी. मग दोन कमानींच्या मधलं छत फळ्यांवर दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीने चढवत न्यायचं. एक बाजू पुढे गेली तर साचा कलतो आणि कळीचा दगड मधोमध बसत नाही. खांद्यावर, म्हणजे कमान भिंतीतून निघून वळू लागते तिथे, पाठीमागून डबर आणि चुना भरतात. हे भरण राहिलं तर खांदे बाहेर फुगतात आणि माथा खाली बसतो.

साचा काढताना पाचरी एकदम ठोकून उडवायच्या नाहीत. सगळ्या थोड्या थोड्या सैल करत न्यायच्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो, आणि जाड बांधकामात आतवर पोहोचायला त्याला महिने काय, वर्षंही लागतात. साचा लवकर काढला किंवा भिंत सरकली तर तडे ठरलेल्या जागी येतात: माथ्यावर खालच्या बाजूने उघडलेला आणि खांद्यांवर वरच्या बाजूने उघडलेला. खालून बघणाऱ्याला माथ्याचाच दिसतो. खांद्यांचे बघायला छपराखाली चढावं लागतं.

साचा पुढच्या खणाला पुन्हा वापरतात, त्यामुळे खणांची रुंदी सारखी ठेवण्याचा मोह होतो. कुठे एखादा खण अचानक अरुंद झाला तर तिथे काम थांबून पुन्हा सुरू झालं असावं, असा पहिला संशय घ्यावा.

खडीसाखर

हे सगळं उत्तम, पण माझी दर्शनी भिंत राहिली बाजूला.

आगाऊ_कार्टं

धाग्याचा नियम आहे, मूळ प्रश्नाला पन्नासाव्या प्रतिसादाआधी हात लावायचा नाही.

बोरीबंदर

अवांतर: तिथे म्हणे हत्ती आहेत?

वाचनमात्र

आहेत की. दक्षिणेकडच्या आडव्या हातात एका स्तंभशीर्षावर तीन हत्ती, आणि वर लॅटिनमध्ये 'ही सुन्त एलेफान्तेस', म्हणजे 'हे हत्ती आहेत'. कोरणाऱ्याला बघणाऱ्यांची खात्री नसावी म्हणून पाटी लावली. लॅटिन 'ही' म्हणजे मराठी 'हे', एवढं लक्षात ठेवा, बाकी शब्द ओळखीचाच आहे.

टवाळखोर

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत अशाच पाट्या असायच्या. 'हा मोर आहे.'

चुनखडी

हसण्यावारी नेऊ नका, त्यात माहिती दडली आहे. सम्राट शार्लमेनला बगदादचा खलिफा हारून अल-रशीदकडून मिळालेला अबुल-अब्बास हत्ती ८०२ मध्ये सम्राटाच्या आखेनच्या दरबारी पोहोचला आणि ८१० मध्ये मेला. म्हणजे सेंतोंजच्या पाथरवटाने ११३० च्या सुमारास जिवंत हत्ती पाहिला असण्याची शक्यता नगण्य. नमुना कापडावरून किंवा प्राणिकथांच्या पोथ्यांमधून आला असणार. पूर्वेकडची रेशमी वस्त्रं संतांच्या अस्थी गुंडाळायला चर्चमध्ये येत असत. लूव्रमध्ये सँ-जोसचं म्हणून ओळखलं जाणारं खुरासानी रेशीम आहे, १०व्या शतकाचं, त्यावर समोरासमोर हत्ती विणलेत. ओनेच्या कारागिराने नेमकं तेच पाहिलं असं नाही, पण वाट अशी असू शकते.

मम

३१ चं काय प्रकरण आहे? दक्षिणेच्या दारावर.

वाचनमात्र

हां, ते मस्त आहे. दक्षिणेच्या दाराला एकात एक चार कमानी. सगळ्यांत आत वेलबुट्टी आणि प्राणी. दुसरीत हातात वस्तू धरलेले संत. तिसरीत बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले, योहानाच्या दर्शनातले वडीलधारे, मुकुट घातलेले, वाद्यं आणि कुप्या घेतलेले. चौथीत वीणा वाजवणारं गाढव आणि इतर चित्रविचित्र मंडळी. आता ग्रंथात वडीलधारे आहेत २४. ओनेत मोजले तर ३१ भरतात.

आगाऊ_कार्टं

लग्नाच्या पंगतीत होतं तसं. पत्रिका २४, पानं ३१.

परांची

कारण भूमितीत आहे. इथे आकृत्या चाकाच्या आऱ्यांसारख्या उभ्या आहेत, म्हणजे कमानीच्या प्रत्येक दगडावर एक. गॉथिक दारांवर आकृत्या वक्र रेषेने एकीवर एक चढत जातात, तो वेगळा प्रकार. 'एक दगड, एक आकृती' ठरलं की दगडांची संख्याच आकृत्यांची संख्या. समजा दगडाची जाडी २५ सेंमी आणि कमानीची त्रिज्या २.५ मीटर. अर्धवर्तुळाची लांबी ७.८५ मीटर, म्हणजे ३१ दगड. आतल्या २ मीटर त्रिज्येच्या कमानीत २५ मावतील. (ही मापंही समजण्यासाठी घेतलेली.) २४ वरच थांबायचं तर प्रत्येक दगड ३३ सेंमी रुंद करावा लागेल, मग आकृती पसरट होते आणि आतबाहेरच्या कमानींची लय जुळत नाही. शास्त्र आणि गवंडी यांच्या भांडणात गवंडी जिंकला.

आणखी एक निरीक्षण: सांधा कुठेही आकृतीच्या अंगावरून जात नाही. म्हणजे दगड जमिनीवरच कोरून मग वर चढवले. कमान बांधून झाल्यावर जागेवर कोरलं असतं तर कुठे ना कुठे हात सांध्यात सापडला असता.

दर्जा_भराई

जमिनीवर कोरण्याला आणखी एक कारण. त्या भागातला चुनखडक खाणीतून काढल्यावर ओला आणि मऊ असतो. खाणीतलं पाणी सुकताना विरघळलेला चुना पृष्ठभागावर आणून सोडतं आणि एक कडक साल तयार होते. छिन्नीचं काम साल धरण्याआधी सोपं. पुढच्या शतकांमध्ये हीच साल दगडाला वाचवते. म्हणून अशा दगडावर वाळूचा मारा करून 'स्वच्छता' करणं म्हणजे कातडी सोलणं. काळा थर जातो, साल जाते, आणि खालचा मऊ दगड दहा-वीस वर्षांत पिठासारखा झडू लागतो.

सिमेंटचंही तेच. १९व्या-२०व्या शतकात चुन्याच्या दर्जा (दगडांमधल्या सांध्यांचं भरण) उकरून सिमेंट भरण्याची साथ आली होती. भिंतीतली ओल पूर्वी सांध्यातून बाहेर पडायची. सिमेंटने तो रस्ता बंद केला की ती दगडातून वाट काढते, जाताना क्षार पृष्ठभागाशी ठेवते, लोणा लागतो, थंडीत गोठते आणि दगडाची पापडी सुटते. शेवटी दगड आत गेलेला आणि सिमेंटची जाळी बाहेर उभी, असं मधाच्या पोळ्यासारखं दृश्य दिसतं.

दुरुस्ती: सिमेंट हाताने छिन्नीने काढायचं. बारीक सांध्यात कटर मशीन चालवलं तर दगडाच्या कडा जातात आणि सांधा कायमचा रुंद दिसतो. खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट, २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. धूळ झटकायची, आदल्या दिवसापासून भिंत ओलवायची. मऊ दगडाला एनएचएल २ दर्जाचा नैसर्गिक जलचुना, उघड्या जागी फार तर ३.५. चुना एक भाग, वाळू अडीच ते तीन भाग, वाळू बारीक-जाड मिश्र. पाणी बेताचं, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण हात ओला होऊ नये. तापमान ५ अंशांखाली असेल तर काम बंद. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट. आणि दर्जा दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायची, फासून बाहेर काढायची नाही.

बोरीबंदर

एवढा खर्च करतं कोण? चर्चच ना?

चुनखडी

नाही. १९०५ च्या धर्म आणि राज्य वेगळे करणाऱ्या कायद्यानंतर जुनी गावची चर्चं गावाच्याच, म्हणजे कम्यूनच्या मालकीची झाली. कॅथीड्रलं सरकारची. धर्मसंस्थेकडे फक्त वापराचा हक्क. म्हणजे छोट्याशा गावाच्या पंचायतीच्या डोक्यावर ९०० वर्षांचं छत.

वाचनमात्र

'१९०५ च्या कायद्यानंतर' बरोबर आहे, पण मालकी पक्की झाली ती १९०७ आणि १९०८ च्या कायद्यांनी. १९०५ मध्ये चर्चं पॅरिशच्या मंडळांकडे जायची होती, पोपने ती मंडळं नाकारली, म्हणून ती कम्यूनकडे गेली.

चुनखडी

मान्य. घाईत एक पायरी गाळली. संरक्षणाचा धागा मात्र त्याहून जुना. स्मारकांचा आयोग १८३७ चा, आणि १८४० च्या पहिल्याच यादीत ओने आहे. प्रोस्पेर मेरिमे तेव्हा स्मारकांचे महानिरीक्षक होते. पुढे १९१३ च्या कायद्याने वर्गीकृत आणि नोंदवलेली असे दोन स्तर झाले. वर्गीकृत इमारतीत परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही, आणि कामाला सरकारी पैशांचा वाटा मिळतो.

आगाऊ_कार्टं

आणि मग व्हिओले-ल-द्यूक, तो १९व्या शतकातला जीर्णोद्धारवाला वास्तुविशारद, येऊन 'असायला हवं होतं तसं' बांधून जातो.

परांची

तसं सरसकट म्हणू नका. वेझलेला १८४० पासून त्याने काम केलं नसतं तर छत पडलंच असतं. पण पूर्वी गॉथिक पद्धतीने पुन्हा बांधलेले काही खण त्याने रोमनेस्क करून टाकले, म्हणजे इमारतीच्या इतिहासाचं एक पान पुसलं, हेही खरं. आबादी नावाच्या दुसऱ्या वास्तुविशारदाने तर पेरिग्यूचं सँ-फ्राँ चर्च इतकं नव्याने बांधलं की आज जुनं शोधावं लागतं. ओनेच्या धिऱ्यांना 'मूळ सौंदर्याआड येतात' म्हणून कोणी हात लावला नाही, म्हणूनच आज खडीसाखर यांना प्रश्न पडू शकतोय.

टवाळखोर

आला! मूळ प्रश्न आला! घंटा वाजवा.

परांची

तर मूळ प्रश्न. पिंपाचं छत लांबीच्या दिशेने ढकलत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण दालन आणि पडवी यांच्या मधल्या खांबांवरच्या कमानी विसरू नका. त्या पूर्व-पश्चिम धावतात. एका कमानीचा रेटा शेजारची झेलते, ती पुढचीला देते, आणि शेवटची कमान कुणावर टेकते? दर्शनी भिंतीवर. पूर्वेकडे चौकाचे जाड खांब आणि वरचा मनोरा मिळून तो रेटा झेलतात. पश्चिमेला त्याला अडवायला फक्त एक पडद्यासारखी भिंत, तिलाही मोठ्या कमानींनी पोखरलेलं. त्यातून ती सगळ्यांत शेवटी बांधलेली, म्हणजे आधीच्या कामाला फक्त चिकटलेली, आणि पाया वेगळ्या वेळी भरलेला. थोडी जरी खचली तरी बाहेर कलते.

म्हणून धिरे कुठे दिलेत ते बघा. मधल्या भागाच्या दोन्ही अंगांना, म्हणजे आतल्या खांबांच्या रांगा जिथे भिंतीला भिडतात नेमक्या त्या रेषेत. शोभेसाठी दिले असते तर कोपऱ्यांवर दिले असते. ही रेषा जुळते, यावरून मी तरी गरज म्हणूनच धरतो.

चुनखडी

जागा जुळते हे पटतं. पण पूर्ण मान्य नाही. १५व्या शतकात, शंभर वर्षांच्या युद्धानंतर, या भागात अनेक चर्चंची डागडुजी झाली. छप्पर जळून किंवा गळून चुना धुऊन गेला असेल तरी भिंत कलते. कमानींचा रेटा ९०० वर्षं तोच आहे, मग ३०० वर्षांनी एकाएकी धिरा का लागला? रेट्याच्या जोडीला पाणीही पाहायला हवं.

दर्जा_भराई

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. रेटा सुरुवातीपासून होता, पाण्याने चुना अशक्त केला, मग भिंत हलली. आणि ३०० वर्षं म्हणजे एकाएकी नव्हे. अशी भिंत वर्षाला केसाएवढी कलते.

खडीसाखर, 'नंतरचे कसे ओळखायचे' हे तपासायला चार गोष्टी बघा.

सांधा: एकाच वेळी बांधलेल्या कामात थर दोन्हीकडे एकाच रेषेत जातात आणि दगड एकमेकांत दातासारखे शिरतात. नंतर चिकटवलेल्या धिऱ्यात उभी सरळ रेघ दिसते. फ्रेंच गवंडी तिला 'तलवारीचा वार' म्हणतात. दगडांचे थर कमीजास्त उंचीचे असले की ती लगेच डोळ्यांत भरते.

हत्यार: १२व्या शतकातल्या घडीव दगडावर सपाट पात्याचे तिरपे, लांब ओरखडे. दातेरी पात्याच्या बारीक समांतर रेघा साधारण नंतरच्या कामात दिसतात. भिंतीवर कडेने ऊन पडत असताना बघावं, समोरून ऊन आलं की काहीच दिसत नाही.

तळ: पायथ्याचं कोरीव घोटीव काम धिऱ्याच्या आत शिरून गडप होत असेल तर धिरा नंतरचा. कुणीही शहाणा माणूस झाकून टाकायला कोरत नाही.

परांचीची (बांधकामाच्या मचाणाची) भोकं: भिंतीत त्यांच्या रांगा ठरावीक अंतराने असतात. धिऱ्याजवळ रांग मध्येच तुटली तर उरलेली भोकं त्याच्या मागे आहेत.

खडीसाखर

हे हवं होतं. लाकडाच्या वलयांवरून तारीख काढता येत नाही का?

दर्जा_भराई

येते, पण ती झाड तोडल्याची तारीख असते, आणि छपराची लाकडं शतकाशतकाला बदललेली असतात. भिंतीत चिणलेला परांचीचा तुकडा सापडला तर सोनं. धिऱ्यात लाकूड असण्याचं कारण नाही.

मम

कबरस्तानातल्या त्या दगडी खांबाचंही सांगा कोणी. त्याला चबुतरा का आहे?

वाचनमात्र

तो होसान्ना क्रूस, तोही १५व्या शतकाचा. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक तिथे थांबायची आणि पाठ वाचला जायचा, म्हणून पोथी ठेवायला दगडाचं तिरपं बैठं आहे. त्याचे घडीव दगड आणि धिऱ्यांचे दगड यांवरच्या हत्यारांच्या खुणा शेजारी ठेवून पाहिल्या तर तुलनेला बरं पडेल, अंतर चालत मिनिटभराचं आहे.

खडीसाखर

मग क्रम असा ठेवतो: आधी क्रूस, मग धिऱ्याचा तळ, मग उभी रेघ. पश्चिमेची भिंत आहे, म्हणजे कडेचं ऊन दुपारी लवकर, ती उजळू लागते तेव्हाच मिळेल.

आगाऊ_कार्टं

आणि हत्ती?

खडीसाखर

हत्ती आत आहेत. त्यांना टॉर्च लागेल, चुनखडींनी अंधाराचं आधीच सांगून ठेवलंय.